वन्संच्या गाडीचा हीटर

आमच्या वन्संचं कौतुक करायला लोकांना निमित्त लागत नाही, म्हणून त्या कामात मी हात घालत नाही. जे आहे ते सांगते, झालं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. उंच, रुंद खांद्यांच्या, केस कानांच्या वर कापलेले, पायात बारा महिने रबरी बूट. सगळी नोकरी मासळीच्या शीतगृहात झाली. आत हाडं गोठवणारी थंडी, तिथे उभं राहून मासे बर्फात भरायचे आणि खोकी रचायची. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची छाती आमच्या सासूबाईंचीसुद्धा झाली नाही, मग मी कोण? निवृत्त झाल्यावर माणूस जरा उन्हात बसेल, गुडघ्यांना तेल चोळेल. ह्या मात्र थंडी पडली रे पडली की समुद्रावर चालायला लागल्या. कशासाठी, तर कासवं शोधायला.

"आयुष्यभर मेलेले मासे गोठवले," म्हणाल्या, "आता जिवंत कासवं वितळवते." आणि स्वतःच हसल्या. आमचे हेही हसले. हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, दिवसभर विहिरीसारख्या अंधारात लोंबकळून येतात, घरी आल्यावर तोंड उघडायचा कंटाळा. पण बहिणीच्या विनोदाला न चुकता हसतात. माझ्या विनोदाला म्हणतात, "काय म्हणालीस?"

मी शिवणकाम करते. ह्या गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी मी आखूड केल्या असतील, पोटं सुटल्यावर कोट मीच ढिले करून दिले. माझा फोटो कधी पेपरात आला नाही. वन्संचा आला. हातात ते शेवाळलेलं कासव, आणि चेहरा असा की जणू आताच बाळंत झाल्यात. बेकरीवाल्यानं तो कापून काचेवर चिकटवला. मी दोन महिने दुसऱ्या बेकरीतून पाव आणला. तिथला पाव चिवट असतो, तरी आणला.

आता कासवांचं काय असतं, ते मला नको असतानाही पाठ झालंय. आमचा किनारा गळासारखा आत वळलेला आहे. उन्हाळ्यात आतलं पाणी कोमट असतं, खेकडे-बिकडे भरपूर, म्हणून कासवांची तरुण पोरं आत येतात. थंडीची चाहूल लागली की शहाणी असतात ती लांब गरम पाण्याकडे पोहत निघून जातात. ज्यांना उशीर होतो ती बाहेर पडायला बघतात, आणि जिकडे जावं तिकडे जमीनच आडवी येते. कासवाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. पाणी गार झालं की तेही गार. हळूहळू हातपाय चालेनासे होतात, बुडी मारता येत नाही, खाणं सुटतं. मग नुसतं ओंडक्यासारखं तरंगायचं आणि वारा नेईल तिकडे जायचं. दुसरीकडच्या समुद्रांत म्हणे काही कासवं सरळ तळाशी जाऊन पडून राहतात, तासन्‌तास श्वासालाही वर येत नाहीत. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "मलाही रविवारी असंच वाटतं." वन्सं खो खो हसल्या. बहीणभाऊ एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे.

तर जोराचा वारा सुटला की ही गारठलेली कासवं भरतीबरोबर वाळूवर येऊन पडतात. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. पण नसतं मेलेलं. त्याला परत पाण्यात ढकलायचं नाही. भरतीच्या रेषेच्या वर ओढायचं, वारा लागू नये म्हणून सुकं शेवाळ पांघरायचं, आणि मग खोक्यात घालून कासवघरात पोचवायचं. कासवघर म्हणजे गाडीनं तासाभराच्या वाटेवरचं एक जुनं गोदाम. तिथे एक डॉक्टरीण आणि बाकी सगळे वन्संसारखे हौशी.

आणि वाटेत गाडीचा हीटर बंद. दात वाजले तरी बंद. गारठलेल्या कासवाला एकदम ऊब लागली तर त्याचं हृदय झेपत नसताना धावायला लागतं आणि बंद पडतं. म्हणून तिथे त्याला आधी थंड खोलीतच ठेवतात, मग दर दिवशी थोड्या कमी थंड खोलीत.

"म्हणजे इतक्या थंडीत टिकलेलं ते ऊब मिळाल्यावर मरतं?" मी एकदा विचारलं.

"ऊब नाही मारत. घाई मारते."

असं बोलतात त्या. एका वाक्यात उरकतात आणि बूट घालून चालू पडतात, आपण बसायचं डोकं खाजवत.

हे सगळं मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. पण यंदा थंडी सुरू झाली आणि आमची लेक घरी आली.

लेकीला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी पुढचे दोन दात खारीसारखे होते. आता दात सरळ झाले, नाव तेच राहिलं. लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. दारात उभी राहिली, हातात एकच बॅग, आणि म्हणाली, "आई, मी तिथून निघून आलेय. मला काही विचारू नका."

आता तुम्हीच सांगा, आईनं विचारायचं नाही म्हणजे काय करायचं? मी विचारलं. सकाळी विचारलं, जेवताना विचारलं, बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून विचारलं. मारलं का त्यानं? दुसरी आहे का कोणी? सासू बोलली का? तू काही उलटून बोललीस का? गरम दूध नेलं, दोन रजया घातल्या, उशाशी बसून केसांतून हात फिरवला. माझ्या बहिणीला बोलावलं, म्हटलं मावशीला तरी सांगेल. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. खाणं चिमणीएवढं. बोलणं "हं" आणि "नको". रात्रंदिवस माझ्या जिवाला घोर. हिचं कसं व्हायचं, ही पहिल्यासारखी कधी व्हायची, एवढंच डोक्यात.

मग एका रविवारी वन्सं आल्या. समोरच राहतात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. आत जाऊन दाराला टेकून उभ्या राहिल्या. कशी आहेस नाही, काय झालं नाही. म्हणाल्या, "उद्या भरती सकाळची आहे. येतेस?"

आणि बाई गं, ही उठली!

दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा नाक लालबुंद, केसांत वाळू. दोन वाट्या सूप प्यायली, पाव बुडवून बुडवून खाल्ला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाच. पण पोटात असं काही दुखलं की विचारू नका. मी तीन आठवडे जिवाचं रान केलं तर अर्धी वाटी जात नव्हती, आणि ह्यांनी एक चक्कर मारून आणली तर दोन!

मग रोजचंच झालं. मी तिच्यासाठी नवा कोट शिवला होता, आतून मऊ अस्तर लावून, बटणं चार दुकानं फिरून आणलेली. तो खुंटीवर. अंगात काय, तर वन्संचा शीतगृहातला जुना स्वेटर, कोपरात फाटलेला, मासळीचा वास अजून न गेलेला. एका संध्याकाळी समोरच्या जिन्यातून हसण्याचा आवाज आला. मशीन थांबवून ऐकलं. खारू. माझ्या घरात आल्यापासून ती एकदाही हसली नव्हती. मी टीप इतकी जोरात मारली की सुई मोडली.

"तिला बरं वाटतंय ना, मग झालं तर," हे म्हणाले.

"काय झालं तर? पोर मी जन्माला घातली, नऊ महिने ओकले मी, आणि ही बोलणार आत्याशी?"

"बोलतात कुठे? दोघी गप्पच चालतात म्हणे."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. बोलतात म्हटलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. मी न बोलता कोणाबरोबर दोन मिनिटं बसू शकत नाही, हे ह्यांना चांगलं ठाऊक आहे.

मी खारूला गाठलं. "आत्याला सांगितलंस ना सगळं?"

"नाही."

"खोटं."

"आई, आत्यानं विचारलंच नाही," ती म्हणाली आणि बूट शोधायला लागली.

शेवटी मी ठरवलं, तिथे आहे तरी काय एवढं, बघूनच येऊ. रात्रभर वारा घोंघावला होता. खारू पहाटेच कुणाच्या तरी गाडीतून कासवघरात गेलेली, तिथे आदल्या दिवशीची बरीच कासवं होती. वन्सं एकट्याच किनाऱ्यावर निघाल्या होत्या. मी गल्लीत त्यांना आडवी गेले. "मी येते."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. "हे बूट?"

"माझ्या बुटांचं मी बघेन."

समुद्रावर वारा असा की तोंड उघडलं तर शब्द मागे उडून जावेत. वन्सं पुढे, हातात दोरी, दोरीला कासव ओढून न्यायची प्लास्टिकची घसरगाडी. चालणं कसलं, पळणंच ते. मी मागून धापा टाकत. किती वेळ नुसतं शेवाळ, काटक्या आणि फुटक्या बादल्या. मी मनात म्हटलं, ह्यासाठी माझी लेक माझ्या रजया सोडून जाते?

आणि मग ते दिसलं. पाण्याच्या कडेला, लाटेत निम्मं. कपडे धुवायच्या टबाएवढं, पाठीवर हिरवा थर, मान लुळी. मी म्हटलं, "मेलंय हो हे." वन्सं गुडघ्यांवर बसल्या, हातमोजा काढला आणि त्याच्या डोळ्याच्या कडेला बोट लावलं. काही नाही. त्या तशाच थांबल्या. मग ती पापणी हलली. किती सावकाश, जणू तिला कोणी लांबून हाक मारली होती.

"आहे," वन्सं म्हणाल्या. "आहे गं धाकटे." मला त्या धाकटी म्हणतात, धाकट्या भावाची बायको म्हणून. त्यांचा चेहरा बघून मी नजर वळवली. इतका आनंद दुसऱ्याच्या तोंडावर जवळून बघवत नाही मला.

त्यांनी खारूला फोन लावला. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवलेला. "एवढं मोठं?" पलीकडून खारू ओरडली. "आत्या, लवकर आण! आणि थंड ठेव हं त्याला!"

"आता तू मला शिकव," वन्सं म्हणाल्या. लेकीचा असा चढा, खुशीतला आवाज मी लग्नाआधी ऐकला होता. तो कासवासाठी होता, आत्यासाठी होता. मी शेजारी आहे, हे तिला माहीतही नव्हतं.

ते उचलायला दोघी लागणार होतो. समुद्राकडची बाजू मीच घेतली, उगाच, दाखवायला. वाकले, हात घातला, आणि पाठीमागून लाट आली ती थेट छातीपर्यंत. बूट भरले, पाय सुटले, मी पाण्यात बसले. कासवही घसरून चाललं. वन्संनी कासव सोडलं आणि माझ्या काखेत हात घालून मला वर ओढलं. मला वाळूवर टाकून मग पाण्यात शिरल्या आणि त्याला घेऊन आल्या.

गाडीत त्यांनी स्वतःचा कोट मला दिला. बाकी कोरडं असं काही नव्हतं. माझे दात मशीनसारखे वाजत होते. मागच्या सीटवर खोक्यात कासव, आणि हीटर अर्थातच बंद. वाटेत ना घर ना दुकान, नुसती वाळू आणि झुडपं. मी ठरवलं होतं, मागायचं नाही. हिच्या गाडीत बसून हिच्याकडे ऊब मागायची? मेले तरी नाही.

मग जरा बरं वाटायला लागलं. थरथर थांबली, झोप यायला लागली.

"धाकटे, बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मला शिव्या दे. झोपू नकोस." त्या माझ्याकडे वाकून बघत होत्या. शीतगृहात इतकी वर्षं काढलेली बाई, थंडीत माणूस थरथरायचं थांबलं की काय होतं हे तिनं बघितलेलं असणार. मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी गाडी कडेला घेतली. उतरल्या, खोकं पार मागे सरकवलं, मागच्या दोन्ही काचा खाली केल्या. परत येऊन बसल्या. क्षणभर स्टिअरिंगवर हात ठेवून तशाच होत्या. मग त्यांनी हीटर लावला, पूर्ण मोठा, सगळ्या झडपा माझ्याकडे वळवून.

मला कळलं होतं काय होतंय ते. झोपेत होते तरी कळलं. आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. नुसतं अंगाला नाही. म्हटलं, आज त्या मागच्या कासवापेक्षा मी मोठी ठरले.

कासवघरात पोचलो तर कासव हातपाय मारत होतं. चांगलं जोरजोरात, खोक्यावर फटाफट. खारू धावत आली, "बघा किती जिवंत आहे!" डॉक्टरणीनं त्याच्या कवचावर हात ठेवला, पोटाकडे ठेवला, आणि तिचं हसू गेलं. "हे गरम कसं?"

मला कोणीतरी आत नेऊन कोरडे कपडे दिले, ब्लँकेट दिलं, गरम पाणी पाजलं. बाहेर आले तेव्हा ते टेबलावर होतं. छातीला वायर लावलेली. आधी यंत्र घाईघाईनं टिकटिकत होतं. मग मधेच अडायला लागलं. दुपार कलायच्या आत संपलं.

खारू वन्संसमोर उभी राहिली. "आत्या, हीटर लावला होतास?"

"लावला."

"तू? तू लावलास? का?"

"चुकलं माझं," वन्सं म्हणाल्या.

मी ब्लँकेट धरून तिथेच उभी होते. तोंड उघडलं होतं मी. पण वन्संनी माझ्याकडे असं बघितलं की उघडलेलं मिटलं.

"तूच मला शिकवलंस," खारू म्हणाली. "रोज शिकवलंस." आणि हातमोजे काढून टेबलावर टाकले.

आम्ही दोघी बसनं घरी आलो. वाटेत ती खिडकीला डोकं टेकून बसली. घरात पाऊल टाकलं आणि माझ्या मांडीवर कोसळली. इतकी रडली, इतकी रडली, की मी घाबरले. आणि मग सगळं बोलली, मी एक अक्षर न विचारता. तिचा नवरा मारत नव्हता. दुसरीही कोणी नव्हती. तो फक्त चुका दाखवायचा. कप इथे का ठेवलास, दार असं का लावलंस, हसलीस का, गप्प का. शेवटी कप खाली ठेवताना हात कापायचा, म्हणाली. एक दिवस कप हातात घेऊन ती स्वयंपाकघरात अर्धा तास उभी राहिली, कुठे ठेवावा कळेना, आणि मग बॅग भरली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काळजाचं पाणी झालं माझ्या. पण त्यातही, देवाशपथ सांगते, आत कुठेतरी नाचत होते मी. मला सांगितलं. आत्याला नाही. मला!

त्यानंतरचे दिवस फार छान गेले. खारू माझ्या मशीनशेजारी स्टूल घेऊन बसायची, जुन्या शिवणी उसवून द्यायची, गिऱ्हाइकांच्या नकला करायची. नवा कोट अंगात आला. बटणं आवडली म्हणाली. मी शिवता शिवता गुणगुणायला लागले, हे दोनदा दचकून बघून गेले. सकाळी समोरून वन्संची गाडी एकटीच सुटायची. खारू खिडकीकडे पाठ करून बसायची. मी मुद्दाम काही म्हणत नव्हते, मुद्दाम बघत मात्र होते.

पण एक गोष्ट घशात काट्यासारखी राहिली. ही बाई सांगत का नाही? मी असते तर? मी तर गाडीचं दार उघडायच्या आत ओरडले असते, अगं तुझी आई जात होती म्हणून लावला! माणूस आपल्यावर आलेलं झटकतो की नाही? जसजसे दिवस जायला लागले, तसतशी माझी झोप उडाली. शेवटी वन्संनी गाडीत दिलेला कोट परत द्यायचं निमित्त केलं आणि जिना चढले.

वन्सं जमिनीवर बसून घसरगाडीची दोरी बदलत होत्या. उठून चहा ठेवला.

"पोरगी कशी आहे?"

"मस्त आहे. सगळं सांगितलं मला." मी जरा जोरातच म्हटलं. "सगळं म्हणजे सगळं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलं. तेच तर डोक्यात जातं माझ्या.

"तुम्ही तिला सांगत का नाही? हीटर कशासाठी लावलात ते?"

"सांगून? कासव उठून बसणार आहे?"

"तुमच्यावरचा राग जाईल की."

"जाईल. मग तुझ्यावर येईल. आई कशाला गेली तिथे, असले बूट घालून कशाला गेली, म्हणेल. आत्ता कुठे तुझ्याजवळ बसायला लागलीय, बसू दे."

मी कप आदळलाच. "म्हणजे माझी लेक तुम्ही मला दिलीत? जुना स्वेटर द्यावा तशी?"

"काहीतरीच काय बोलतेस."

"दिलीतच! माझीच पोर मला दान केलीत, वर उपकार केल्याचं दाखवतही नाही!"

वन्सं दोरीला गाठ मारत होत्या. ती सुटली, परत मारली, परत सुटली. "इथून दिसते ती मला," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "तुझ्या मशीनपाशी. हसते. जळते मी थोडी. नाही असं नाही."

काय सांगू तुम्हाला. लग्न होऊन ह्या घरात आले त्या दिवसापासून मी ह्या एका वाक्याची वाट बघत होते. वन्संनी माझ्यावर जळावं. आणि आलं ते असं, चहाच्या कपापाशी, साधंसुधं, कबूल करून टाकल्यासारखं. जळायचंही त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. मी बसले, जळले, सुया मोडल्या, बेकरी बदलली. त्या जळल्या आणि पोर माझ्याकडे ठेवून गप्प बसल्या. मला रडू येत होतं की राग, माझं मलाच कळेना. चहा तसाच टाकून खाली आले.

खारू स्टुलावर होती, हातात एक उसवायला घेतलेली पँट. मी दारातूनच सुरू केलं. "तुझ्या आत्याला काही फार शहाणं समजू नकोस! हीटर तिनं माझ्यासाठी लावला होता. मी लाटेत पडले होते, गारठले होते, झोपायला लागले होते. म्हणून लावला. आणि तुला सांगितलं नाही, का, तर तू माझ्याजवळ बसावंस म्हणून! मला नको असलं काही कोणाकडून!"

खारूनं पँट मांडीवर ठेवली. "तू मरत होतीस?"

"असं तिला वाटलं."

"मग तू का नाही बोललीस? तिथेच?"

"तिनं डोळे वटारले."

"आणि नंतर? घरी? एवढे दिवस?"

माझ्याकडे बोलायला कायम काहीतरी असतं. तेव्हा एकच होतं. "नंतर तू माझ्याजवळ होतीस."

ती ओरडली नाही. उठली, माझे दोन्ही हात हातात घेऊन बघितले, उलटे, सुलटे, दाबून, गार आहेत का बघतात तसे. गालाला लावले. मग सोडले. नवा कोट काढून खुंटीला नीट अडकवला आणि बाहेर पडली.

"जेवायला येशील?" मी विचारलं.

"माहीत नाही, आई."

मी खिडकीशी गेले. ती गल्ली ओलांडून गेली, कोटाशिवाय, खांदे आवळून. जिना चढताना दिसली नाही, पण वरची खिडकी उघडी होती. वन्सं जमिनीवरून उठल्या. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. कोण काय बोललं, की नेहमीसारखं कोणीच काही बोललं नाही, ते कळायला मार्ग नव्हता. अंधारून आलं होतं. खारूनं दिवा लावला आणि पडदा ओढून घेतला.

तो पडदा माझ्याच हातचा. गेल्या वर्षी वन्सं म्हणाल्या होत्या, रस्त्यावरून आत सगळं दिसतं गं, जरा जाड कापडाचा शिव. मी शिवला. वर आतून अस्तरही लावून दिलं. किती वेळ उभी राहिले, काही म्हणजे काही दिसलं नाही.